उष्णतेच्या एका क्षणाचे गणित : फ्लॅश थर्मोग्राफी

मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत जुनी आहे. आवाज बद्द आला, की कुठेतरी तडा आहे असे समजावे. वस्तू न मोडता तिची अशी पारख करणे, यालाच अभियांत्रिकीत अविनाशी चाचणी म्हणतात. फ्लॅश थर्मोग्राफी हा तिचाच एक आधुनिक प्रकार. येथे आवाजाचे काम उष्णता करते.

अशा चाचणीचे मोल किती, हे ‘कोलंबिया’ यानाच्या दुर्घटनेवरून कळते. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान परतीच्या वाटेवर भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून डाव्या पंखाच्या कडेवरील कार्बनच्या कवचाला खिंडार पडले होते. त्यानंतर उर्वरित यानांच्या पंखांवरील अशी कवचे तपासताना नासाने फ्लॅश थर्मोग्राफीचाही अवलंब केला.

पद्धत अशी : झेनॉन दिव्यांचा प्रखर झोत काही मिलिसेकंद पृष्ठभागावर टाकतात. पृष्ठभाग किंचित तापतो आणि उष्णता आत झिरपू लागते. निवत जाणाऱ्या पृष्ठभागाची चित्रे अवरक्त कॅमेरा एकामागून एक टिपतो. आत पापुद्रा सुटून हवेची फट निर्माण झाली असेल, तर उष्णतेची वाट अडते आणि तेवढा भाग आजूबाजूच्या भागापेक्षा अधिक काळ उबदार राहतो. दोष जितका खोल, तितका हा फरक उशिरा दिसतो. खोली दुप्पट झाली, तर लागणारा वेळ चौपट होतो. म्हणूनच काळ मोजून खोली ठरवता येते.

या विचाराचा पाया १९६१ साली पार्कर, जेन्किन्स, बटलर आणि अॅबट या अमेरिकी संशोधकांनी घातला. नमुन्याच्या एका बाजूस क्षणिक झोत देऊन दुसऱ्या बाजूचे तापमान किती वेळात चढते, यावरून पदार्थात उष्णता पसरण्याचा वेग त्यांनी काढला. त्यांच्या गणितात झोत क्षणमात्र मानला होता. म्हणजे सारी उष्णता शून्य वेळात मिळाली, असे गृहीत होते. याच गृहीतावर जाड व निर्दोष पदार्थाचा नियम सोपा होतो : काळ चौपट झाला, की पृष्ठभागाची तापमानवाढ निम्मी होते.

प्रत्यक्षातला दिवा मात्र असा वागत नाही. त्याचा प्रकाश झपाट्याने चढतो आणि मग हळूहळू उतरतो. त्याला शेपूट असते. त्यामुळे झोताचे गणिती प्रतिमान उभारावे लागते. कोणी तो आयताकार मानतात, कोणी त्रिकोणी, तर कोणी घातांकी उताराचा. तत्त्व एकच : लांब झोत म्हणजे असंख्य क्षणिक झोतांची मालिका, प्रत्येकाचा परिणाम काढून त्यांची बेरीज करावी. केप आणि लेहमन यांनी १९६३ मध्ये झोताच्या कालावधीमुळे पडणाऱ्या फरकाचे विवेचन केले. पुढे १९८१ मध्ये अझुमी आणि ताकाहाशी यांनी सुटसुटीत उपाय सुचवला : झोताच्या आरंभाऐवजी त्याचा गुरुत्वमध्य हाच काळाचा शून्यबिंदू धरावा.

हा उपाय किती उपयोगी पडतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. पाच मिलिसेकंदांचा आयताकार झोत घेऊ. आरंभापासून दहाव्या मिलिसेकंदाला पृष्ठभागाची खरी तापमानवाढ क्षणिक झोताच्या सूत्राने येणाऱ्या उत्तरापेक्षा सुमारे १७ टक्के अधिक असते. शून्यबिंदू अडीच मिलिसेकंद पुढे सरकवला, की हीच तफावत सुमारे दीड टक्क्यावर येते. एक सेकंद उलटल्यावर तर दुरुस्ती न करताही फरक जेमतेम एक अष्टमांश टक्का उरतो.

तेव्हा प्रश्न पदार्थाचा आहे. कार्बन तंतूंच्या संमिश्रात एक मिलिमीटर खोल जायला उष्णतेला सुमारे दोन सेकंद लागतात. तेथे झोताचा आकार गौण ठरतो. अॅल्युमिनियममध्ये तेवढेच अंतर उष्णता सुमारे दहा मिलिसेकंदांत कापते. तेथे झोताच्या लांबीकडे दुर्लक्ष केले, तर वरील उदाहरणातील दोष प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के खोल भासेल. पातळ पत्रा किंवा लेप तपासताना एवढी चूक निर्णय फिरवू शकते.

आणखी एक अडचण आहे. झोत संपल्यावरही तापलेले दिवे आणि त्यांचे परावर्तक अवरक्त किरण टाकत राहतात. ही धग कॅमेऱ्यात मिसळली, तर पृष्ठभाग निवण्याचा वेग कमी दिसतो आणि निर्दोष भागावरही दोषाचा संशय येतो. म्हणून झोताची शेपूट इलेक्ट्रॉनिक मार्गाने तोडतात, प्रकाशसंवेदी डायोडने झोताचा खरा आकार नोंदवतात आणि आरंभीची चित्रे सावधपणे वापरतात. शेवटी, ठरावीक खोलीची भोके पाडलेल्या नमुन्यावर सारे गणित पडताळूनच प्रत्यक्ष भागाच्या चाचणीला हात घालावा लागतो.