अजी (गो)

गो या पूर्व आशियाई बैठ्या खेळात, मेल्यासारख्या दिसणाऱ्या सोंगट्यांमध्ये किंवा प्रतिस्पर्ध्याच्या रचनेतील कच्च्या जागांमध्ये उरलेल्या सुप्त शक्यतांना दिलेली जपानी संज्ञा. १९ × १९ रेषांच्या पटावर एकदा ठेवलेली सोंगटी हलवता येत नाही. तिच्या लगतचे सर्व मोकळे बिंदू शत्रूने व्यापले, तरच ती उचलली जाते. म्हणून वेढली गेलेली एकटी सोंगटीही पुढे शत्रूची साखळी तोडायला किंवा पळणाऱ्या गटाला वाटेत आधार द्यायला उपयोगी पडते.

नवशिक्याला सर्वांत जड जाते ते थांबणे. धमकी देता येते म्हणून तो ती लगेच देतो. प्रतिस्पर्धी उत्तरादाखल आपली कच्ची जागा बुजवतो आणि शक्यता कायमची संपते. या दोषाला ‘अजी-केशी’ म्हणतात. जीवन-मरणाची कोडी (त्सुमेगो) सोडवून कोपऱ्यात काय शिल्लक आहे ते दिसू लागते. ते केव्हा वापरायचे, हे मात्र संपूर्ण पट वाचूनच कळते. एका चालीने दोन ठिकाणच्या शक्यता एकदम जाग्या होतात, तो क्षण खरा. जपानचे साकाता एइओ (१९२०–२०१०) यांचे डाव या दृष्टीने आवर्जून अभ्यासावेत.

अशा सुप्त शक्यतेचे एक उदाहरण: १३ मार्च २०१६ रोजी सोल येथे दक्षिण कोरियाचे खेळाडू ली सेडोल यांनी अल्फागो या संगणक-प्रणालीविरुद्धच्या चौथ्या डावात ७८ वी चाल अल्फागोच्या काळ्या सोंगट्यांच्या मध्यभागातील फटीत खेळली. अचूक उत्तराने ती निष्फळ ठरली असती, असे पुढील विश्लेषणात आढळले. पण अल्फागो चुकली आणि ली जिंकले.