हँडल, हवा आणि 1946 साल

मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बंगळूरबद्दल बोललो. आजही बंगळूरच आहे, पण विषय आहे इंजिनाचा. हसू नका, यातही इतिहास भरपूर आहे.

दोड्डबळ्ळापूरकडे माझ्या एका मित्राची शेती आहे. तिथं एचएमटीचा 2511 ट्रॅक्टर चार पावसाळे जागचा हलला नव्हता. दोन सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर, मूळ रचना चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरची. मित्राचे वडील गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्येच राहिला. भंगारवाला भाव सांगून गेला होता. मित्र म्हणाला, "आज चालू झाला तर ठेवतो. नाहीतर रविवारी देऊन टाकतो."

इतके दिवस उभ्या असलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारायचा नसतो. आतला पिस्टन गंजून धरला असेल तर काहीतरी मोडतं. म्हणून आधी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवून पाहिलं. फिरलं. मग जुनं ऑइल काढलं, नवं भरलं. टाकीच्या तळाचा बूच सोडला, तर आधी पाणी आलं, मग गाळ, मग डिझेल.

हात काळे झाले आणि मला आमची सांगली जिल्ह्यातली विहीर आठवली. तिथल्या इंजिनाला बॅटरी नव्हती, हँडल होतं. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलला की झडप उघडी राहते, आतली हवा दाबली जात नाही, आणि फ्लायव्हील मोकळं फिरतं. वेग आला की खटका पाडायचा. त्या एका दाबानं हवा इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ठिणगी लागतच नाही. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये आउग्सबुर्गला दाखवलं ते हेच. पण वेग कमी पडला तर इंजिन उलटा झटका देतं. आजोबा म्हणायचे, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलला मिठी मारू नकोस." काकांनी एकदा मिठी मारली, आणि दीड महिना हात गळ्यात बांधून फिरले. कंपनी कुठलीही असो, हा नियम सगळ्या हँडलांना लागू.

आता 1946 कडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी. 1926 मध्ये त्यांनी सेंट्रिफ्युगल पंप बनवला. पण पंप फिरवायला काहीतरी हवं. मोटेच्या बैलांनी पंप फिरत नाही. त्याचं उत्तर घराण्यानं एकाच वर्षी दोन गावांत दिलं. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि त्याच साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक. बंगळूरचं काम लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवि यांच्याकडे होतं.

मला याची गंमत वाटते. खडकीचं इंजिन महाराष्ट्राच्या विहिरींवर बसलं, आणि वीज जसजशी गावात आली तसतशी बंगळूरसारख्या ठिकाणी बनणारी विजेची मोटर त्याला खाली उतरवत गेली. एकाच घरातले दोन भाऊ, आणि एकाच्या मालामुळे दुसऱ्याचा माल शेडमध्ये जाणार! अर्थात इंजिन पूर्ण गेलं नाही. वीज रात्री दोनला येते तिथं अजूनही ते लागतंच. मल्लेश्वरम आणि राजाजीनगरच्या मधे आज ओरायन मॉल आहे, त्या जागेवर पूर्वी किर्लोस्करांचा कारखाना होता. तिथल्या सरकत्या जिन्यावर उभा राहिलो की मला विहिरीवरची मोटर आठवते. बायको म्हणते, तुला कुठंही मोटरच आठवते.

एचएमटीची गोष्ट तिसरीच. 1953 मध्ये बंगळुरात सुरू झालेली सरकारी कंपनी, आधी यंत्रं बनवणारी, मग घड्याळं. ट्रॅक्टर मात्र 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला. 2016 मध्ये सरकारनं तो विभाग बंद करायचं ठरवलं. त्यामुळे आता अशा ट्रॅक्टरचा पार्ट शोधायचा म्हणजे जुन्या मेकॅनिकची ओळख हवी.

तर आमचं इंजिन. बॅटरी नवी होती, तरी नुसतं घरघरत राहिलं. एअर पकडली होती. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझलपर्यंत दाब पोचत नाही. म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिलो. आधी फेस आला, मग सलग धार. स्क्रू आवळला. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलजवळचे दोन्ही नट सैल करून स्टार्टर मारला आणि डिझेल उडायला लागल्यावर आवळले. हे सगळं करायला पाऊण तास गेला. घाई केली की परत पहिल्यापासून.

चौथ्या वेळेला एक सिलिंडर ठोकला, पांढरा धूर, मग दुसरा. शेडमधली कबुतरं उडाली. मित्र ओरडला, पण माझं लक्ष ऑइल प्रेशरच्या काट्यावर होतं. तो वर येईना. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद केलं. मित्राचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काटा बिघडला असेल किंवा ऑइल पंप, ते सोमवारी मेकॅनिक सांगेल. त्यानं खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं.