कौलावरचं नाव

चीनच्या पहिल्या बादशहाची कबर तुम्ही फोटोत पाहिली असेल. मातीचे सैनिक, हजारोंनी, रांगेत उभे. १९७४ साली शीआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला ते लागले नि सगळं जग बघायला धावलं.

मला सांगायचंय ते त्या सैनिकांचं नाय.

कबरीच्या पश्चिमेला चाओपेईहू गावात पाच वर्षांनी मजुरांचं दफन सापडलं. खड्ड्यात एकावर एक कोंबलेले सांगाडे. बहुतेक जवान गडी. काहींबरोबर फुटक्या कौलाचा तुकडा, त्यावर ओरखडून लिहिलेलं गाव आणि नाव. एकावर आहे: तोंगवूचा छिंगची. तोंगवू म्हणजे पार पूर्वेला, शेकडो कोस लांब. नावापुढं एक शब्द आहे, त्याचा अर्थ दंड नाहीतर सरकारी कर्ज अंगमेहनतीनं फेडणारा. कुणी लिहिलं असेल? बादशहानं नक्कीच नाय. लिहिता येणारा कुणी सोबतीच असणार.

या फेडीचा दरही ठाऊक आहे. १९७५ साली शुईहूदी इथं एका कारकुनाच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले छिन राज्याचे कायदे निघाले. दिवसाचे आठ नाणी. सरकारी जेवण घेतलं तर सहा. म्हणजे भाकरीचे दोन कापले! पेरणीला आणि निंदणीला वीस-वीस दिवस घरी जायची मुभा होती, हेही त्यातच आहे. पण तोंगवूला जाऊन यायचं कधी?

मातीच्या सैनिकांवरही कारागिरांची नावं आहेत. ती मानाची समजू नका. माल खराब निघाला तर कुणाला धरायचं, त्यासाठी. मस्टरवर नाव लागलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

बादशहा छिन शी ह्वांग इ.स.पू. २१० मध्ये मेला. सुमारे शंभर वर्षांनंतर इतिहासकार सीमा छ्येननं लिहिलं, की सात लाख माणसं राबवली, आत पाऱ्याच्या नद्या केल्या, आणि आतलं गुपित जाणणारे कारागीर दार पाडून आतच कोंडले. आकडा फुगवलेला असेल. पारा मात्र खोटा नाय, टेकडीच्या मातीत तो भरपूर सापडलाय. मुख्य कबर अजून कुणी उघडलेली नाही.

दुसऱ्याच वर्षी उठाव झाला. पुढारी चेन शेंग, दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेला माणूस. पावसानं अडकलेली नऊशे जणांची भरती. सीमा छ्येन म्हणतो, उशिराला शिक्षा मरण. मग मरायचंच तर उठून मरू, असा हिशेब. बंडखोर राजधानीजवळ आले तेव्हा दरबारानं काय करावं? कबरीवरच्या कैदी मजुरांना माफी दिली, हातात हत्यारं दिली, नि बंडखोरांवर सोडलं. साला, गरिबावर गरीब. आणि त्या दिवशी ते जिंकलेही.

तरी राज्य इ.स.पू. २०६ पर्यंत बुडालं. बुडवणाऱ्यांत ल्यू बांग होता. गावपातळीवरचा बारका अंमलदार. याच कबरीच्या कामावर कैदी पोचवायला निघाला होता. वाटेत बरेच जण पळाले, तेव्हा उरलेल्यांनाही त्यानं सोडून दिलं आणि स्वतः रानात पळाला. पुढं तोच हान घराण्याचा पहिला बादशहा झाला.

त्याचीही कबर आहे. छांगलिंग. तीही मातीची टेकडीच.