घोडीची आयाळ

घोडा म्हटला की आपल्या गोंयकारांच्या डोळ्यांसमोर शिगम्यातली घोडेमोडणी उभी राहते. कमरेला घोड्याचे सोंग बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे गडी. त्या घोड्याला ना भूक, ना थकवा. खऱ्या घोडीचे तसे नाही. तिला ऋतू असतो, आणि त्या ऋतूपायी माणसाने तिला शतकानुशतके नावे ठेवली आहेत.

आपला 'माज' हा शब्दच पाहा. गाय माजावर आली म्हणतो तेव्हा तो निव्वळ शरीरधर्म असतो. पण कचेरीत एखाद्या बाईने ताडकन उत्तर दिले की मागून कोणीतरी पुटपुटतोच, "माज आलाय हिला!" हे फक्त आपल्याच भाषेत घडते असे मात्र नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की, माद्यांमध्ये घोडी सर्वांत कामातुर, आणि म्हणून ग्रीक लोक तिचे नाव कामुक स्त्रियांना शिवीसारखे वापरतात. अशा घोड्या उधळल्या तर उत्तरेला किंवा दक्षिणेला धावतात, पूर्व-पश्चिमेला कधीच नाही, असेही तो गंभीरपणे सांगतो! आणि उपाय? तिची आयाळ कापा. मग तिची वासना मावळते आणि ती खिन्न होते.

पुढे पहिल्या शतकात रोमन शेतीलेखक कोलुमेला एक मजेदार प्रकार सांगतो. काही घोड्या म्हणे पाण्यात आपलेच प्रतिबिंब पाहून त्याच्या प्रेमात पडतात, चारा विसरतात आणि झुरून मरतात. त्यावर औषध असे की आयाळ वेडीवाकडी कापायची आणि घोडीला पुन्हा पाण्यापाशी न्यायचे. आपली कुरूपता पाहून तिचे वेड उतरते.

हे वाचताना हसू येते, पण ते लगेच विरते. केस कापले की वासना मरते, ही समजूत आपल्याला परकी कुठे आहे? आपल्या घराघरांतल्या विधवांचे केशवपन आठवा.

आयाळीचा आणि माजाचा काही संबंध नाही, हे आज आपण जाणतो. संबंध आहे तो उजेडाशी. दिवस मोठे होऊ लागले की घोडीचे बीजकोश जागे होतात. मग साधारण 21 दिवसांचे चक्र सुरू होते आणि त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते. वसंताच्या सुरुवातीला हे चक्र नीट बसलेले नसते, त्यामुळे माज लांबतो. काही घोड्यांना बीज सुटताना दुखते. मग त्या किंचाळतात, तंग आवळू देत नाहीत, लाथा झाडतात. कृत्रिम प्रकाशाने हे चक्र लवकर सुरू करता येते, हे बर्कहार्ट यांनी 1947 साली दाखवून दिले.

पुढे माज थोपवणारे आल्ट्रेनोजेस्ट हे औषध आले. ते त्वचेतून शरीरात शिरते, म्हणून पाजणाऱ्याने हातमोजे घालायचे आणि गरोदर बाईने त्याला शिवायचेही नाही. गर्भाशयात चक्क काचेची गोटी ठेवायचाही प्रयोग झाला. तिचा गुण निम्म्याहून कमी घोड्यांना आला. काही गोट्या आतच फुटल्याचे आढळले, तेव्हा पशुवैद्यांनी त्या नादाला लागू नका असे सांगायला सुरुवात केली.

मला स्वतःला, कारकून असल्यामुळे असेल, सर्वांत पटलेला उपाय म्हणजे नोंदवही. औषधाआधी दोन-तीन महिने रोज लिहायचे: तारीख, भूक, शेपटी उचलते का, खोगीर घालू देते का. त्रास 21 दिवसांनी परत आला तर बीजकोशाकडे बघायचे. रोजच असेल तर खोगीर रुतते का, पोटात व्रण आहे का, बीजकोशात गाठ आहे का, ते पशुवैद्याकडून तपासून घ्यायचे. पुष्कळदा 'माजोरडी' ठरवलेल्या घोडीची पाठच सोललेली निघते.