बाणकोटचे पाद्री आणि कोंकणचा श्रोता

महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावलेली सावित्री पोलादपूर व महाड या गांवांवरून वाहत जाऊन बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. या खाडीच्या मुखाशीं १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीनें आपलें ठाणें मांडलें. पुढें मुंबईंत नांवाजलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्यें याच किनाऱ्यावर, बाणकोट व हर्णै येथें, मराठी शिकले. रॉबर्ट नेस्बिट यांचें मराठी तर असें होतें कीं, एतद्देशीयांनींहि तें वाखाणावें.

भाषा हस्तगत झाली. परंतु ती वापरावी कोणत्या रीतीनें? या मंडळींनीं मुख्यतः वादाची रीत पत्करली. मोरभट्ट दांडेकरांनीं १८३१ त ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. पुढल्याच वर्षीं विल्सनसाहेबांचें उत्तर छापून निघालें. खंडनास मंडन आणि मंडनास पुन्हां खंडन!

या रीतीस सडेतोड जबाब मिळाला तो महाडाच्या शेजारींच जन्मलेल्या एका पुरुषाकडून. माणगांव तालुक्यांतील शिरवली हें विष्णु भिकाजी गोखले यांचें जन्मग्राम. लोक त्यांस विष्णुबोवा ब्रह्मचारी म्हणून ओळखतात. १८५७ च्या आरंभापासून कांहीं महिने मुंबईच्या समुद्रकिनारीं त्यांच्या व पाद्र्यांच्या जाहीर सभा चालल्या. प्रतिपक्षांत जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ होते. मिशनचा पगार सोडून ते बाजारवस्तींत गरिबीनें राहत. वस्तुतः त्यांचें तें राहणें हाच त्यांच्याजवळचा अधिक बोलका उपदेश होता. पण वाळूवर जमलेल्या समुदायास कोणाची कोटी वरचढ ठरली एवढेंच पाहावयाचें होतें. वादांत हाच दोष असतो. श्रोता श्रोता राहत नाहीं, तो पक्षकार होतो. अर्थात् या वादांनीं हिंदु विद्वानांस स्वधर्माकडे नव्या दृष्टीनें पाहावयास लाविलें, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

दुसरी वाट पूर्वीं एकानें दाखविली होती. इंग्लंडांतून गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवींत रचून छापविलें. पुराण ऐकण्याची संवय असलेल्या माणसास पुराणच द्यावें, हें त्या परकीयास उमगलें होतें.

तीच वाट पुन्हां उजळली ती नारायण वामन टिळकांच्या हातून. ज्या दापोली तालुक्यांत हर्णै आहे, त्याच तालुक्यांतील करजगांवीं ते १८६१ सालीं जन्मले. त्यांस वादांत जिंकून कोणी नेलें नाहीं. आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नवा करार हातीं दिला, आणि तो वाचतां वाचतां पर्वतावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या मार्गानेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, अशी त्यांची भावना होती. अहमदनगरास अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारें ते बोलत, आणि १९१७ त मिशनच्या चाकरीपासून मोकळे होऊन त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तासहि त्या दरबारांत जागा होती. ही गोष्ट कित्येक ख्रिस्ती धुरीणांस मानवली नाहीं, हें सांगावयास नकोच.

एवढ्या मोठ्या कवीची खरी कसोटी मात्र घरांत लागली. धर्मांतरानें पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या कर्मठ घरांत वाढलेल्या. सोंवळें-ओंवळें, पंक्ति, आप्तांचे अश्रु हीं त्यांच्यापुढें उभीं होतीं. तेथें प्रमाणें काय कामाचीं? चार-पांच वर्षें ताटातूट झाली. मग त्या पतीजवळ येऊन राहिल्या, तरी आपला आचार त्यांनीं सोडला नाहीं. परक्या हातच्या पाण्याचा विटाळ त्यांच्या मनांतून गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचारानें, आणि १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’त हंसत हंसत सांगितली आहे, नवऱ्याचें वेड आणि आपला हट्ट, दोन्हीहि झांकलीं नाहींत.

टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें पुढें चालविलें लक्ष्मीबाईंनीं.