परक्यांचा कायदा चिनी दरबारात

इ. स. १८३९ मध्ये कँटन बंदरी अफूच्या बंदोबस्तासाठी आलेले बादशाही आयुक्त लिन त्सेश्यू यांनी वात्तेल या युरोपीय शास्त्रकाराच्या ग्रंथातील काही उतारे चिनीत उतरवून घेतले. परकी माल निषिद्ध ठरवून जप्त करण्याचा अधिकार राज्यास आहे काय, हे त्यांस पाहावयाचे होते. ग्रंथाने अनुकूल कौल दिला. २०,००० हून अधिक पेट्या अफू नष्ट झाली. आणि मागोमाग इंग्रजांचे आरमार आले. (त्या काळी चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा मालव्याचा होता, हे आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस सांगावयास नको.)

पुढे १८६४ मध्ये मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्याने व्हीटनच्या ग्रंथाचे चिनी भाषांतर सिद्ध केले. राजपुत्र कुंग यांनी छपाईस ५०० तैल चांदी देवविली व ३०० प्रती प्रांतोप्रांती धाडण्याचे ठरविले. हे निव्वळ विद्याप्रेम होते, असे आम्हांस वाटत नाही. त्याच वर्षी प्रशियाच्या वकिलाने चीनच्या किनाऱ्यालगत डेन्मार्कची जहाजे पकडली होती. हा समुद्र आमच्या हद्दीतील आहे, असे कुंग यांनी त्या ग्रंथाच्याच आधारे बजावले व वकिलाची भेट नाकारली. जहाजे सुटली, भरपाईही मिळाली. मात्र चीनची स्वतःची शासनपद्धती आहे, परक्यांच्या ग्रंथाप्रमाणे चालणे तिला सोयीचे नाही, हे सांगण्यास कुंग चुकले नाहीत.

खरी अडचण शब्दाशब्दांत होती. बादशहा हा स्वर्गपुत्र, त्याच्या छायेखाली सारी पृथ्वी. तेथे समान राष्ट्रांची कल्पना कोठे बसवावी? हक्क या अर्थाचा शब्दही चिनीत तयार नव्हता. मार्टिनने सत्ता आणि लाभ या अर्थांची दोन अक्षरे जोडून ‘छ्वान्‌ली’ हा शब्द योजिला. कर्तव्याची थोरवी गाणाऱ्या कन्फ्यूशियसच्या अनुयायांस त्यात लोभाचा वास आला असल्यास नवल नव्हे. आम्ही तरी ‘हक्क’ हा शब्द अरबीतूनच घेतला ना!

शिवाय ग्रंथ म्हणे, आपल्या भूमीवरील परक्यांचा न्याय राज्यानेच करावा. पण तो अधिकार १८४३ पासूनच्या तहांनी चीनकडून काढून घेतलेला होता. इंग्लंड-अमेरिकेने तो १९४३ मध्ये परत केला.

१८७६ मध्ये कोरियाच्या प्रश्नावर जपानी वकील मोरी आरिनोरी हे ली हुंगचांग यांस भेटले. तहांवर विसंबता येत नाही, असे मोरी म्हणाले. बळावर तह मोडणे हे राष्ट्रांच्या कायद्यास मान्य नाही, असे उत्तर ली यांनी दिले. तो कायदाही निरुपयोगीच, असे मोरी उद्गारले. १८९५ मध्ये जपानकडून हरलेल्या चीनतर्फे, तैवान देऊन टाकणाऱ्या शिमोनोसेकीच्या तहावर सही केली ती ली यांनीच.