बोटांना कळणारी अक्षरं

बचत गटात येऊन आपल्यातल्या कित्येकींनी अंगठा सोडला आणि सही शिकली. अक्षर हाती आल्यावर काय बदलतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या लेकराला दिसत नाही, त्याच्या हाती अक्षर कसं आलं, ते आज पाहू.

पॅरिसमध्ये १७८५ साली व्हॅलेंटिन हॉई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तिथली पुस्तकं डोळसांच्याच अक्षरांची, फक्त ती अक्षरं कागदावर उठवलेली. एकेक अक्षर चाचपायला वेळ लागे आणि मुलांना स्वतः तसं लिहिता येत नसे.

१८१९ साली या शाळेत दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. वडील घोड्यांचे साज बनवत. त्यांच्या कामाची आरी लागून लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. शाळेत त्याला चार्ल्स बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत कळली. लुईने ठिपके सहावर आणले, तेव्हा अख्खं अक्षर बोटाच्या टोकाखाली मावलं. लिहिताही येऊ लागलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

पण डोळस शिक्षकांना ही लिपी परकी वाटली. शाळेत काही काळ तिच्यावर बंदी आली, तरी मुलांनी ती सोडली नाही. १८५२ साली लुई वारला. १८५४ मध्ये फ्रान्सने लिपी स्वीकारली.

आपल्याकडे १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ यांचे ठिपके एकच.

हा इतिहास आपल्याला एक गोष्ट शिकवतो: पुस्तक बोटांना कळलं पाहिजे. आपण कापडी पुस्तक शिवलं, तर मेंढीला लोकर लावू, बैलाला घुंगरू. मग ते मुलाच्या हाती देऊन विचारू, काय कळलं? सहा चिंचोके तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत मांडू. डावीकडचा वरचा एकटा ठेवला की ‘अ’. त्याच रांगेतला सर्वांत खालचाही ठेवला की ‘क’.

आणि खेळावर थांबायचं नाही. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आपल्या गावात असं लेकरू घरात बसून असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घेऊ.